सेन्सर बोर्डाची वीज गेली तरी पंप बंदच राहावा म्हणून

गच्चीवरच्या टाकीसाठी मी पंप कंट्रोलर बनवत होतो. पाण्याची पातळी मोजणारा बोर्ड सिरियलवरून (एका तारेवर एकामागून एक बिट पाठवून) आकडे पाठवणार आणि एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर ते वाचून रिले, म्हणजे पंपाचा विजेवर चालणारा स्विच, चालवणार. दोघांचे अ‍ॅडॅप्टर वेगळे. सगळं सुरळीत चालायला लागल्यावर मी मुद्दाम सेन्सर बोर्डाचा अ‍ॅडॅप्टर काढला, कारण अशा यंत्राची खरी परीक्षा तीच.

त्या बोर्डावरचा एलईडी विझलाच नाही, मंद जळत राहिला. मल्टिमीटर लावला तर त्याच्या रेलवर (वीजपुरवठ्याच्या लाइनवर) साडेतीन व्होल्टच्या आसपास दाखवत होता. यूएआरटीची, म्हणजे या सिरियल संपर्काची, लाइन रिकामी असताना हाय असते, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज असतं. माझ्या टीएक्स (पाठवणाऱ्या) पिनमधला करंट समोरच्या आरएक्स (घेणाऱ्या) पिनच्या संरक्षक डायोडमधून त्याच्या रेलमध्ये शिरत होता. वीज अजिबात नसण्यापेक्षा हे वाईट. व्होल्टेज पुरेसं खाली न गेल्यामुळे वीज परत आल्यावर तो चिप नीट रीसेट होईल याची खात्री नसते. टीएक्सच्या वाटेत ४.७ के रेझिस्टर टाकला, म्हणजे करंट फार तर एक मिलीअ‍ॅम्प. शिवाय संपर्क तुटला असं ठरलं की कोड ट्रान्समीटर बंद करून ती पिन लो करतो. आता एलईडी पूर्ण विझतो.

माझ्या मते जास्त धोका आरएक्सच्या बाजूला आहे. मेलेल्या बोर्डाची टीएक्स लो होते आणि माझ्याकडे शून्य बाइट येतो. सोबत फ्रेमिंग एररचा (बाइटचा शेवट जागेवर न सापडल्याचा) फ्लॅग लागतो खरा, पण आर्डुइनोची नेहमीची सिरियल लायब्ररी एव्हीआरवर (एटीमेगाच्या चिप-कुटुंबावर) फक्त पॅरिटी एरर, म्हणजे तपासणी-बिटाची चूक, तपासते, त्यामुळे तो शून्य खऱ्या डेटासारखा बफरमध्ये जातो. आमच्या हिशेबात शून्य पातळी म्हणजे रिकामी टाकी, म्हणजे पंप चालू! बाइटांची नुसती बेरीज करून काढलेला चेकसम (पडताळणीचा आकडा) इथे कामाचा नाही, कारण सगळे शून्य असले की बेरीजही शून्यच येते आणि पॅकेट पास होतं. म्हणून इंटरप्ट, म्हणजे बाइट आला की लगेच चालणारा कोड, स्वतः लिहिला. त्यात डेटा रजिस्टरच्या आधी स्टेटस रजिस्टर वाचावं लागतं, नाहीतर फ्लॅग निघून जातो. पॅकेटला सुरुवातीचा ठरावीक बाइट, अनुक्रमांक आणि सर्व बिट एक धरून सुरू होणारा सीआरसी-१६ (बेरजेपेक्षा पक्का पडताळणीचा आकडा) दिला; त्यात सगळे शून्य पास होत नाहीत. अनुक्रमांकामुळे तेच जुनं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवणारा अडकलेला सेन्सरही पकडला जातो.

वाट बघत थांबणारं वाचन काढून टाकलं. सेन्सर दर सेकंदाला पॅकेट पाठवतो; ३ सेकंद योग्य पॅकेट आलं नाही की रिले बंद. वॉचडॉग (कोड अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) आहेच, पण तो फक्त माझा कोड अडकला तर उपयोगी. समोरचा गप्प झाल्याचं त्याला कळत नाही. रीसेटच्या काळात पिन तरंगते, म्हणून रिलेच्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर ग्राउंडकडे १० केचा पुलडाउन, म्हणजे लाइन लो धरून ठेवणारा रेझिस्टर. आरएक्सला ४७ केचा पुलअप (लाइन हाय धरणारा रेझिस्टर), म्हणजे वायर निसटली तरी लाइन रिकामीच दिसते.

मग पॅकेट अर्धवट असताना वीज काढली, वायर उपटली, आरएक्स ग्राउंडला टेकवली. दर वेळी रिले बंद झाला. वीज परत आल्यावर सलग ५ योग्य पॅकेटं मिळाल्याशिवाय पंप सुरू होत नाही. घरच्यांना तो उशीर जाणवतो, पण तो मी कमी करणार नाही.