प्रारूपाची कड

गेले काही महिने सागरी प्रवाहांच्या संगणकीय प्रारूपांविषयी मी सवडीने वाचतो आहे आणि त्या वाचनात एका अगदी साध्या शब्दापाशी मी पुन्हा पुन्हा थांबलो. तो शब्द म्हणजे ‘कड’. एखाद्या उपसागराचे प्रारूप तयार करताना त्यातील पाणी लहान लहान ठोकळ्यांत विभागले जाते आणि प्रत्येक ठोकळ्यातील तापमान, क्षारता, प्रवाहाचा वेग व दिशा ठरावीक काळाने नव्याने काढली जाते. किनाऱ्याच्या बाजूला ठोकळ्यांची रांग जमिनीला टेकून आपोआप संपते. परंतु जिकडे समुद्र मोकळा आहे तिकडे ती मध्येच कुठेतरी तोडावी लागते, आणि त्या तोडलेल्या कडेवरून किती पाणी, किती खारट, कोणत्या वेगाने आत येत आहे हे प्रारूपाला बाहेरून सांगावे लागते. ही माहिती शेजाऱ्याकडे असते. त्यामुळे प्रादेशिक सहकार्य ही या शास्त्रात राजनैतिक सौजन्याची बाब राहत नाही. त्यावाचून गणितच अपुरे राहते.

उत्तर युरोपातील बाल्टिक समुद्रात हे विशेष स्पष्टपणे दिसते. नऊ देशांनी वेढलेल्या या समुद्रात बाहेरचे खारे पाणी येते ते डेन्मार्कजवळच्या अरुंद आणि उथळ सामुद्रधुन्यांतून. त्यांतील ड्रोग्डेनचा उंबरा, म्हणजे समुद्रतळाचा उंचवटा, तर जेमतेम आठ मीटर खोल आहे. तिथल्या वाऱ्याचा परिणाम पार पूर्वेकडील फिनलंडच्या आखातातील पाण्याच्या पातळीवरही होतो. तेथील संस्था निरीक्षणे आणि अंदाज एकमेकींना पुरवतात, यात मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. आकडे एकमेकांना देण्याआधी ‘शून्य’, म्हणजे खोली व उंची ज्या पातळीपासून मोजायची ती, कुठे धरायचे यावरच एकमत व्हावे लागते आणि या समुद्राच्या नकाशांवर वर्षानुवर्षे वेगवेगळ्या देशांचे शून्य वेगवेगळे होते. भरती-ओहोटी जवळजवळ नसल्याने सरासरी समुद्रपातळी हेच शून्य मानण्याची तेथे रीत होती. पण स्वीडन व फिनलंड यांच्यामधील बोथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात हिमयुगानंतर वर येणारी जमीन आजही वर्षाला सुमारे नऊ मिलिमीटरने उचलली जात असल्याने ते शून्यही स्थिर राहत नसे. त्यावर उपाय म्हणून ‘बाल्टिक सी चार्ट डेटम २०००’ ही सामाईक संदर्भपातळी स्वीकारून नकाशे तिच्यावर आणण्याचे काम हाती घेण्यात आले. बातमीत चमकावे असे या कामात काहीच नाही. परंतु जहाजाच्या तळाखाली नक्की किती पाणी आहे याची खात्री असेल, तर त्याच फेरीत अधिक माल भरता येतो आणि टनामागे लागणारे इंधन घटते.

अशा सहकार्याची परंपरा संगणकाहून बरीच जुनी आहे. अमेरिकी नौदलातील मॅथ्यू फॉन्टेन मोरी यांनी जहाजांच्या रोजनाम्यांतील नोंदी एकत्र करून १८४७ पासून वारे व प्रवाहांचे नकाशे प्रसिद्ध केले आणि १८५३ साली ब्रसेल्स येथे भरलेल्या परिषदेत सागरी देशांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवण्याचे ठरवले. कप्तानाने आपल्या नोंदी द्याव्यात आणि बदल्यात नकाशा घ्यावा, हा मोरी यांचा सौदा मला आजच्या अनेक करारांपेक्षा सरळ वाटतो.

आता मार्गाविषयी. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते; म्हणून वेग दहा टक्क्यांनी कमी केला, तर प्रवासाला अधिक वेळ लागूनही त्याच अंतरासाठी सुमारे एक पंचमांश इंधन वाचते. अनुकूल प्रवाह सापडला तर हा वेग अंशतः फुकट मिळतो. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगतचा अगुल्हास प्रवाह नैऋत्येकडे जाणाऱ्या जहाजांना असाच पुढे ढकलतो, मात्र समोरून नैऋत्येची लाट आली की तोच प्रवाह तिला धोकादायक उंची देतो. प्रवाहाचा चुकीचा अंदाज अंदाज नसण्यापेक्षाही महाग पडू शकतो, कारण जो भोवरा तिथे नाहीच त्याच्यासाठी जहाज वाट वाकडी करते.

तथापि माझ्या मते सर्वांत मोठा अपव्यय प्रवाहांत नसून बंदराबाहेर आहे. मालवाहतुकीच्या पारंपरिक करारांत जहाजाने शक्य तितक्या त्वरेने पोहोचावे अशी अट असते. त्यामुळे धक्का मोकळा नाही हे ठाऊक असूनही कप्तान पूर्ण वेगाने येतो आणि नांगर टाकून दिवसच्या दिवस थांबतो. उत्तम प्रारूपाने सुचवलेला उत्तम मार्गही अशा वेळी व्यर्थ ठरतो. बिम्को या नौवहन संघटनेने २०२१ मध्ये वेग कमी करून धक्का मोकळा होण्याच्या वेळेवर पोहोचण्याविषयीचे जे कलम तयार केले, ते म्हणूनच मला कोणत्याही महासंगणकाइतके महत्त्वाचे वाटते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या सिंगापूर–रॉटरडॅम हरित मार्गिकेच्या (कमी प्रदूषणाच्या जहाजवाहतुकीसाठी आखलेल्या मार्गाच्या) नावात ‘डिजिटल’ हा शब्द आहे, तोही काही अंशी याच समन्वयासाठी.

त्याच वर्षी फ्रान्समधील ब्रेस्ट येथील परिषदेत युरोपीय संघाने महासागराच्या ‘डिजिटल ट्विन’ची घोषणा केली. ट्विन म्हणजे जुळे; इथे निरीक्षणांवर उभी केलेली समुद्राची संगणकीय प्रतिकृती. पण हे जुळे जितके पाहिले गेले तितकेच मूळ समुद्रासारखे असणार. पृष्ठभागावरील उंचसखलपणा उपग्रह मोजतात; खोलीतील तापमान व क्षारता मुख्यतः आर्गो या आंतरराष्ट्रीय योजनेच्या सुमारे चार हजार तरंगत्या यंत्रांकडून मिळते. दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत खाली जाऊन ती वर येतात आणि मोजमाप पाठवतात. त्यांना स्वतःचे सुकाणू नसते. प्रवाह नेईल तिकडे ती जातात आणि अनेकदा एखाद्या देशाच्या दोनशे सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातही, म्हणजे जिथल्या नैसर्गिक संपत्तीवर त्या देशाचा हक्क असतो अशा पट्ट्यातही, शिरतात. किनारी देशाची तशी इच्छा असल्यास त्याला पूर्वसूचना द्यावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे २००८ साली ठरली. आणि ते मोजमाप नैसर्गिक संपत्तीच्या शोधाशी संबंधित असल्याचे त्या देशाने कळवले, तर त्याचे वितरण थांबवण्याची तरतूदही त्यांत आहे. यंत्र तेव्हाही पाण्यातच असते आणि दहा दिवसांनी वर येतच असते.