झिरोत, द्रीच्या दिवसांत

३ जुलै, हापोली

झिरो हे अरुणाचलातलं आपातानी लोकांचं खोरं, हापोली हे त्यातलं गाव, आणि द्री हा त्यांचा शेतीचा सण. नाहरलगुनहून सकाळी शेअरिंगची सुमो पकडली आणि दुपार उलटून गेल्यावर कुठं पोचलो. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरच असेल पण रस्ता सगळा वळणांचा, त्यात जुलैचा पाऊस, मधे एका ठिकाणी दरड उतरलेली, जेसीबी चिखल ढकलतोय आणि दोन्ही बाजूंना गाड्या गप उभ्या, कुणी हॉर्न वाजवत नाही की आपली गाडी पुढं घुसवत नाही, मला फार आवडलं हे.

अरुणाचलात शिरायला आपल्यालाही इनर लाइन परमिट लागतं, ऑनलाइन निघतं, गेटवर दाखवायचं. याचं मूळ १८७३ सालच्या इंग्रजांच्या कायद्यात आहे. गाडीतले दोघं तिघं म्हणत होते कशाला ही कटकट, पण मला तरी ते असायला हवं असंच वाटतं. ज्यांच्या घरी जातोय त्यांना कळायला नको का कोण येतंय.

याझालीला रंगानदीचं धरण लागलं, मग चढ, ढग, पाइनची झाडं, आणि मग अचानक सगळं सपाट. इतका वेळ एका बाजूला दरी एका बाजूला कडा बघत आल्यावर समोर एकदम ताटासारखं पसरलेलं भाताचं हिरवं मैदान येतं, ते पण दीड हजार मीटरच्या वर. गाडीत सगळेच बोलायचे थांबले.

रात्री होमस्टेत भात, उकडलेली पालेभाजी आणि मासा. मासा कुठला विचारलं तर होमस्टे चालवणाऱ्या दीदी खिडकीकडं हात करून म्हणाल्या, "खेत का." म्हणजे समोरच्या भातातला!

४ जुलै

पहाटे साडेचारलाच लख्ख उजाडतं इथं, झोप कसली येणार. छत्री घेऊन बांधांवरून चालत सुटलो ते दहापर्यंत परत आलो नाही.

हे खोरं आपातानी लोकांचं. भाताची शेती सगळी पाण्यातली, पण नांगर नाही, बैल नाही, सगळं हातानं आणि कुदळीनं. मिथुन (गव्यासारखी जनावरं) आहेत, पण ते जंगलाकडं मोकळे हिंडणारे, औताला जुंपायचे नाहीत. लावणी एप्रिल-मेमधे उरकलेली त्यामुळं आता भात गुडघ्याच्या वर आलेला. प्रत्येक खाचरात मधून एक चर खणलेला असतो, पाणी कमी झालं की मासे त्या चरात जाऊन थांबतात, पाणी वाढलं की परत भाताच्या बुंध्यात फिरायला मोकळे. कोंबडा-डुकरांचं शेणखत, भाताचं तूस, चुलीतली राख, सगळं शेतातच जातं. आणि बांधावर काय तर नाचणी! बांधाची वीतभर माती पण रिकामी सोडलेली नाही. भात, मासा आणि नाचणी एकाच तुकड्यातून.

पण मी खरा अडकलो तो पाण्यापाशी. डोंगरातून ओढे येतात, ते कालव्यांत वळवलेले, कालव्यातून वरच्या खाचरात, वरच्यातून बांबूच्या नाहीतर लाकडाच्या पन्हाळीतून खालच्या खाचरात, असं करत करत शेवटी मधल्या 'केले' नावाच्या नदीला. म्हणजे माझ्या शेतात येणारं पाणी शेजाऱ्याच्या शेतातून येतं आणि माझं पुढच्याला जातं. कुणी मधेच अडवलं तर खालचे सगळे कोरडे. एक काका पन्हाळीच्या तोंडाशी गवताची पेंडी लावत होते, पाणी जाईल पण मासा जाणार नाही अशी, त्यांच्याशी हिंदीत बोलत बसलो (इथं बहुतेकांना हिंदी येतं, एकमेकांत वेगळ्या जमातीचे लोकही हिंदीतच बोलतात). मी विचारलं पाण्यावरून भांडणं होत नाहीत का, तर म्हणाले होतात की, मग बसून मिटवावी लागतात, कालवा दुरुस्त करायला तर सगळ्यांना मिळूनच यावं लागतं. बुल्यांग म्हणून त्यांची जुनी गावपंचायत असते, प्रत्येक कुळातली जाणती माणसं त्यात.

मग गावं बघितली की अजून उलगडा होतो. हॉंग, हिजा, हारी, बुला, सगळी गावं मैदानाच्या कडेला जरा उंचवट्यावर, आणि घरं इतकी खेटून की एका घराच्या ओसरीतून दुसऱ्याच्या ओसरीत पाय टाकता यावा. जागा नाही म्हणून नाही हो, जागा समोर मैलभर पसरलीय! पण ती भाताची. सपाट ओली जमीन भाताला, कडेची उंच जमीन घरांना, त्याच्या मागे कुंपण घातलेली बांबूची बेटं आणि पाइन, त्याच्याही वर जंगल, ज्यातून पाणी येतं. बांबू पण लावलेला, राखलेला, घराला लागतो तसा तोडलेला. धान्याची कोठारं गावाबाहेर वेगळी, कारण घरं लाकडा-बांबूची आणि खेटून, आग लागली तर निदान वर्षाचं धान्य वाचावं.

निसर्ग बघायला जा म्हणून झिरोचे फोटो फिरतात ना, त्या फोटोंमधलं जवळजवळ सगळं माणसांनी पिढ्यान् पिढ्या हातानं केलेलं आहे. मला हे इथं येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं आणि मला हेच सगळ्यांना सांगायचंय. २०१४ पासून 'आपातानी सांस्कृतिक भूदृश्य' युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहे, पक्क्या यादीत यावं असं मनापासून वाटतं, फक्त त्यामुळं बांधांवर रिसॉर्ट यायला नकोत. हापोलीच्या बाजूला काँक्रीट वाढतंय ते दिसतंच आहे.

५ जुलै

आज द्री. काल रात्रीच न्यिबूंची म्हणजे त्यांच्या पुजाऱ्यांची मंत्र म्हणायची सुरुवात झालेली. कीड पडू नये, रोगराई-दुष्काळ येऊ नये, शेत शुद्ध राहावं, मातीचा कस आणि पाण्यातले मासे टिकावेत, अशी वेगवेगळी मागणी वेगवेगळ्या देवतांकडं, तामू, मेती, दान्यी अशी नावं. आत्ता हे मागणं किती बरोबर वेळेला आहे बघा, लावणी झालीय, पीक उभं आहे, आता जे व्हायचं ते आपल्या हातात नाही. १९६७ पासून सगळी गावं मिळून एका मैदानावर द्री साजरी करतात.

मैदानात शिरताना प्रत्येकाला काकडी देतात. चांगल्या पिकाची खूण म्हणून. पांढऱ्या ब्लाउजवर विणलेली गालें (लुंगीसारखं वस्त्र) नेसलेल्या बायका रांगेत दामिंदा नाचल्या, पाऊस चालूच होता, कुणी हललं नाही. वर दोन्यी-पोलो या त्यांच्या धर्माचा झेंडा, पांढऱ्यावर लाल सूर्य. दोन्यी म्हणजे सूर्य, पोलो म्हणजे चंद्र.

दुपारी दीदींच्या नातेवाइकांकडं जेवण. तांदळाची बिअर बांबूच्या पेल्यात, आणि पिके पिला नावाचा प्रकार, बांबूचे कोंब, डुकराचं मांस आणि ताप्यो. ताप्यो हे त्यांचं स्वतःचं मीठ, रानातला झाडपाला जाळून त्या राखेतून काढलेलं, काळपट. डोंगराखालच्या सपाट प्रदेशातलं मीठ इथं पोचायला किती डोंगर ओलांडावे लागत असतील, त्यांनी घरच्या घरी करून घेतलं! चव खारट कमी आणि धुरकट जास्त. मला दुसऱ्या घासापासून आवडायला लागली.

६ जुलै

आज हॉंगमधे फिरलो. लापांग बघितले, फळ्यांचे उंच ओटे, बैठका त्यावरच होतात, आज तिथं दोन म्हाताऱ्या बसून बांबू सोलत होत्या. दोघींच्या नाकपुड्यांत ती काळी गोल बुचं आणि कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत गोंदणाची रेघ. ही प्रथा १९७०च्या दशकात त्यांच्याच तरुणांनी पुढाकार घेऊन थांबवली, म्हणजे आता ज्यांच्या चेहऱ्यावर ती दिसते त्या सगळ्या म्हाताऱ्या.

आणि तिथंच एक ग्रुप आला, कॅमेरा थेट चेहऱ्याजवळ, ना नमस्कार ना काही, नाक दाखवा अशी खूण. मला खूप राग आला. त्यांचा गाइड सांगत होता की शेजारच्या जमातींनी पळवून नेऊ नये म्हणून बायकांना कुरूप करायचे. सगळीकडं हीच गोष्ट ऐकायला मिळते. संध्याकाळी दीदींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मेरा आने तो बोलता था, इसके बिना सुंदर नहीं लगता." (आने म्हणजे आई.) पुरुषांच्या हनुवटीवर पण गोंदण असायचं, ते मग कशासाठी, हे त्या गाइडला कुणी विचारत नाही. १९४४ साली हायमेनडॉर्फ नावाचे मानववंशशास्त्रज्ञ इथं आले, तेव्हापासून बाहेरचे लोक या चेहऱ्यांचे फोटो काढतायत. माझ्याकडं त्या दोघींचा एकही फोटो नाही. त्यांच्याशेजारी बराच वेळ बसलो, त्यांना हिंदी येत नव्हतं, मला आपातानी येत नाही, त्यांनी मला सोललेल्या बांबूची पट्टी धरायला दिली आणि मी धरून बसलो.

७ जुलै

उद्या पांगेवरून तल्लेच्या अभयारण्यात चालत जायचंय, जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी दीदींनीच बांधून दिलीय. वर फर आणि ऱ्होडोडेंड्रॉनचं जंगल आहे, क्लाउडेड लेपर्ड दिसायची आशा कुणीच धरू नये पण फुलपाखरं भरपूर.

परत यायचं ते मार्चमधे, म्योको या त्यांच्या दुसऱ्या सणाला. म्योको दरवर्षी आळीपाळीनं गावांच्या तीन गटांत होतो, ज्यांची पाळी त्यांची घरं सगळ्या पाहुण्यांना महिनाभर उघडी. पुढच्या वर्षी कुणाची पाळी ते दीदींना विचारलं, त्यांनी बोटांवर हिशोब केला आणि नवऱ्याला हाक मारली, मग दोघांचा वाद सुरू झाला, तो अजून चालू आहे.