बाबांची पन्नासची लेन्स आणि माझा कॅमेरा

त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर दीपोत्सव असतो. कोल्हापूरकरांना तो वेगळा सांगायला नको. खिशात मावणारा माझा छोटा कॅमेरा घेऊन मी तिथे चार वर्षं जात होतो आणि चारही वर्षं रिकाम्या हाताने परतलो. फ्लॅश चालू ठेवला की पुतणीचा चेहरा पांढराफटक आणि मागे नुसता काळोख. बंद केला की सगळे दिवे शेपट्या फुटल्यासारखे ओढलेले. ती पणती पाण्यात सोडायला वाकली, मी बटण दाबलं, पण कॅमेरा अंधारात फोकस शोधत बसला. फोटो निघाला तोवर ती उठून उभी राहिली होती. तो क्षण मला हवा होता.

मग लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्यायचं ठरवलं. घरात पहिला प्रश्न आला, फोटो काढायला एवढे पैसे कशाला? मी आकडे मांडले. छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा आतला पडदा, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, तर निकॉनच्या साध्या डीएसएलआरचा, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचा, २३.५ बाय १५.६. म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ तेरापट. प्रकाश झेलायला तेवढी जास्त जागा. बाबा शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "अरे, माझी पन्नासची लेन्स कपाटात पडलीय की."

त्यांच्या रोलवाल्या निकॉनची ती ५० मिलिमीटर, एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). टॉर्चसमोर धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले. बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सचं हेच होतं. ती उघडून साफ करून घ्यायला बाराशे रुपये लागले.

लेन्स घेऊन दुकानात गेलो. निकॉनच्या डी३४०० या साध्या डीएसएलआरला लावून पाहिली, तर फोकस आपोआप होईना, हातानेच फिरवावा लागे. दुकानदारांनी लेन्सच्या मागच्या कड्यावरची एक छोटी खाच दाखवली. या जुन्या लेन्समध्ये मोटर नसते. कॅमेऱ्यातली मोटर त्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हरसारखी बसून लेन्स फिरवते, आणि डी३४०० मध्ये ती मोटरच नाही. निकॉनच्याच डी७२०० मध्ये आहे. नवीन घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून मुंबईला फोर्टात बोरा बाजारला जाऊन वापरलेला घेतला. घेण्याआधी एक फोटो काढून लॅपटॉपवर शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा पडलंय तो आकडा, बघितला, २१ हजार निघाला. या मॉडेलचं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं असतं, त्यामुळे निर्धास्त झालो.

घरी येऊन बाबांची लेन्स चढवली तर पडद्यावर 'एफईई' अशी खूण. पोटात गोळाच आला. बाबांनी कॅमेरा हातात घेतला, लेन्सवरचं छिद्राचं कडं सगळ्यात लहान छिद्रावर, २२ वर फिरवलं आणि बाजूची बारीक कळ सरकवून ते तिथेच अडकवलं. खूण गेली, आता छिद्र कॅमेऱ्यातूनच ठरवता येत होतं. डिजिटल कॅमेरा त्यांनी त्याआधी कधी हातात धरला नव्हता.

त्या कार्तिकात घाटावर एफ २, १/६० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० वर फोटो काढले. छोटा कॅमेरा झूम केल्यावर एफ ५.९ पर्यंत आकसायचा. त्याच्या तुलनेत इथे जवळजवळ नऊपट प्रकाश आत येत होता. पहिले दहा-बारा फोटो तरीही वाया गेले, कारण एवढ्या उघड्या छिद्राला फोकसची पट्टी फार अरुंद असते. पणती स्पष्ट आली तर पुतणीचे डोळे धूसर. मग डोळ्यावरच फोकस धरला. बटण दाबताक्षणी शटर पडलं. पणती अजून तिच्या बोटांतून सुटायची होती, ज्योतीचा उजेड हनुवटीवर होता आणि मागचे शेकडो दिवे सोनेरी गोल होऊन पसरले होते.

वजनाचं म्हणाल तर बॅटरीसकट नुसती बॉडीच ७६५ ग्रॅम, त्यात लेन्स वेगळी. प्रवासाला जाताना कधी कधी खिशातला छोटा कॅमेराच बरा वाटतो, तो मी विकलेला नाही. पण बॉडी उद्या जुनी झाली तरी ही लेन्स अशीच मोटर असलेल्या निकॉनच्या दुसऱ्या डीएसएलआरवर चढेल, आणि मला त्याचंच मोल जास्त वाटतं.

लेन्स आता घट्ट झाकणाच्या डब्यात असते. आतले सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी पडले की बाबाच ते बाजूला काढतात, त्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवतात आणि पुन्हा निळे झाले की डब्यात भरतात.