भंगारातली निळी किटली

भुसावळला रेल्वेच्या जुन्या बंगल्यांतलं सामान अजूनही कधीमधी भंगारात येतं. माझी निळी-पांढरी किटली तिथलीच. तोटीचा टवका उडालेला, म्हणून भाव तुटला. दुकानदार छातीठोकपणे "चिनी माल" म्हणत होता. बुडाशी 'इंग्लंड' छापलंय, ते त्याने उलटून पाहिलंच नव्हतं! १८९१ मध्ये अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून असे शिक्के सर्रास दिसतात. म्हणजे किटली बहुधा त्यानंतरची.

नक्षी विलो पॅटर्नची, म्हणजे चिनी धाटणीचं पण इंग्रजांनी रचलेलं ठरीव चित्र. झुकलेलं झाड, पुलावर तीन माणसं, वर दोन पक्षी. पळून गेलेल्या प्रेमिकांची 'प्राचीन चिनी' कथा सांगतात, ती इंग्रजांनीच नंतर चिकटवलेली. माल खपवावा तर यांनी!

मला आवडतो तो मुठीजवळचा नक्षीचा सांधा. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायची, कोबाल्टचा निळा रंग भरायचा, पातळ कागदावर ठसा घेऊन तो एकदा भाजलेल्या भांड्यावर घासून बसवायचा, मग वरून काचेसारखा लेप. कागद चिकटवायचं काम बहुतेक बायका करायच्या. इथे कागदाची टोकं जुळलेली नाहीत. कुंपण मध्येच तुटून झाडात घुसलंय. शिफ्ट संपत आली असणार बाईची.

लेपाला बारीक तडे आहेत, चहा आत मुरतो, म्हणून ती फडताळातच. आईचा आक्षेप वेगळाच: "भरीत पार्टीला माणसं आली, तर एवढ्याशा किटलीत कुणाचं भागायचं?"