जीपीएस दोन हजारात मिळतं, ट्रॅक्टर परत मिळणं वेगळं

दिवाळी उरकली, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की जालन्यात अंबड चौफुलीजवळच्या माझ्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात जीपीएसच्या चौकशा वाढतात. घनसावंगी, तीर्थपुरी, अंकुशनगर, सगळी गोदाकाठची मंडळी. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर, ड्रायव्हर नवा, टोळी परगावची, आणि मालक घरी. मी भाव सांगतो: साधं मशीन दोन-अडीच हजारांपासून, वर्षाचा रिचार्ज वेगळा. मग पुढचा प्रश्न येतोच, "मंग चोरी झाली तर सापडंल ना भाऊ?"

मी सरळ "हो" म्हणत नाही. "कुठं हाये ते दिसंल," एवढंच सांगतो. गिऱ्हाइकाचं तोंड जरा उतरतं, पण खोटं सांगून मशीन विकलं की रात्री तीन वाजता फोन मलाच येतो.

खरं सांगायचं तर हा धंदा चोरीच्या नावानं चालतो आणि पोट भरतं दुसऱ्याच कामावर. माझी निम्मी-अधिक मशीनं ड्रायव्हरवर नजर ठेवायला लागलेली आहेत. खेपा किती झाल्या, ढाब्यावर गाडी किती वेळ उभी होती, डिझेल कुठं गेलं. परतूरच्या एका मामांनी तर पोराच्या बुलेटला बसवून घेतलंय आणि पोराला अजून पत्ता नाही. (मामा, हे तुम्ही वाचत असाल तर माफ करा, नाव घातलेलं नाही.) दुसरं मोठं गिऱ्हाईक म्हणजे फायनान्सवाले. हप्ते थकले की गाडी ओढून न्यायला लोकेशन लागतं. आमच्याकडच्या बऱ्याच लोकांनी जीपीएस पहिल्यांदा पाहिलं ते असंच, आणि पाहिल्यावर आधी वायर तोडली. चोरीचा नंबर या सगळ्यांनंतर लागतो.

मशीनच्या पोटात फार काही नसतं. एक भाग उपग्रहांचे सिग्नल घेऊन जागा काढतो, दुसरा भाग सिमवरून ती जागा सर्व्हरला पाठवतो. हे सिम आपल्या फोनसारखं दहा आकडी नंबरचं नसतं, मशीनसाठीचे नंबर तेरा आकडी असतात. लाल वायर बॅटरीला, काळी अर्थला, एक इग्निशनला आणि एक रिलेला, म्हणजे दुरून करंट तोडणाऱ्या स्विचला. डब्बी अशा जागी लपवायची की वर लोखंडी पत्रा येणार नाही, नाहीतर तिला आभाळच दिसत नाही. नेटवर्क गेलं तर चांगलं मशीन पॉइंट साठवून ठेवतं आणि नेटवर्क आलं की एकदम पाठवतं. नदीकाठच्या काही गावांत म्हणूनच नकाशावर ट्रॅक्टर उडी मारल्यासारखा दिसतो.

सगळ्यात जास्त गैरसमज रिलेबद्दल आहे. "मोबाईलवरून गाडी बंद पडती" असं विकणारे सांगतात. कारमध्ये रिले इंधनपंपाच्या वायरमध्ये घातला तर ते खरं आहे. पण आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरांचा डिझेलपंप मेकॅनिकल. एकदा इंजिन चालू झालं की त्याला करंट लागतच नाही, बंद करायला केबलचा खटका ओढावा लागतो. अशा ट्रॅक्टरच्या स्टार्टरमध्ये रिले घातला तर फक्त सेल्फ लागणार नाही. चोरानं उतारावर ढकलून गिअरात टाकला की इंजिन धडधडत सुरू. पंपावर वेगळा सोलेनॉइड, म्हणजे करंटवर ओढला जाणारा खटका, बसवला तरच तो बंद पडतो, आणि त्याचा खर्च ऐकला की गिऱ्हाईक म्हणतं, "राहू द्या, नुसतं लोकेशनच करा."

आमच्या एका नानांचा ट्रॅक्टर मागच्या हंगामात तीर्थपुरीकडच्या शिवारातून रात्री गेला. चोर बऱ्यापैकी शहाणे होते, त्यांनी आधी बॅटरीची वायर काढली. मशीननं लगेच "पॉवर कट"चा मेसेज पाठवला. नानांचा फोन चार्जिंगला आणि सायलेंटवर. पहाटे धार काढायला उठले तेव्हा पाहिला. मशीनच्या आतली बॅटरी तोवर जिवंत होती म्हणून शेवटचा पॉइंट मिळाला: शहागडचा पूल ओलांडून गेवराईच्या बाजूला, एका बंद जिनिंगच्या भिंतीमागे. ट्रॅक्टर पळून पळून किती पळणार!

इथपर्यंत मशीननं काम चोख केलं. पुढचं माणसांचं. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. ठाण्यात उत्तर मिळालं, "हद्द आमची नाही, कागदं घेऊन तिकडं जा." आर. सी. बुक ट्रॅक्टरच्याच टूलबॉक्समध्ये. नाना आणि गावातली पोरं पिकअप घेऊन निघाली आणि मी फोनवर ओरडतोय, "नाना, जवळ जाऊ नका, लांबून नजर ठिवा!" पोरांच्या हातात काठ्या, समोर कोण आहे माहीत नाही. नशीब, तिथं कोणी नव्हतं. ट्रॅक्टर मिळाला. ट्रॉली नाही मिळाली.

हद्दीबाबत कायदा तसा स्पष्ट आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, ठाण्यानं फिर्याद नोंदवून घ्यायची असते. हे कलम मी आता दुकानात छापून लावलंय, रेटकार्डच्या शेजारी.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला, वाचायची खोड आहे. या धंद्याचं मूळ शोधत गेलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. अमेरिकेत 1986 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात लोजॅक नावाचं यंत्र सुरू झालं. त्यात जीपीएस नव्हतंच, नुसता लपवलेला रेडिओ. गाडी चोरीला गेल्याची पोलिसांत नोंद झाली की तो जागा होई, आणि त्याचा माग काढणारं यंत्र थेट पोलिसांच्या गस्तीच्या गाडीत बसवलेलं असे. मालकाच्या हातात काहीच नाही, ना नकाशा ना ॲप. गाडीवर स्टिकरसुद्धा लावत नसत. कोणत्या गाडीत यंत्र आहे हे चोराला कळायला मार्ग नाही, त्यामुळे यंत्र न बसवलेल्यांच्या गाड्याही वाचायच्या. इयान आयर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या अभ्यासकांनी 1998 मध्ये त्यावर निबंधच लिहिला. पुढे जीपीएस स्वस्त झालं, 2016 मध्ये कॅलॅम्प नावाच्या कंपनीनं लोजॅक विकत घेतली आणि 2021 मध्ये तिचा अमेरिकेतला धंदा विकूनही टाकला.

दक्षिण आफ्रिकेत तिसरीच तऱ्हा. नेटस्टार, ट्रॅकर, कारट्रॅक या कंपन्या महिन्याचे पैसे घेतात आणि गाडी शोधायला स्वतःची माणसं पाठवतात, वेळ पडली तर हेलिकॉप्टरही. तिथं विकली जाते ती गाडी परत आणण्याची सेवा. आपल्याकडे नकाशावरचा ठिपका विकला जातो आणि त्या ठिपक्यापर्यंत नाना काठ्या घेऊन जातात. मशीन तेच, बहुतेक वेळा चीनमधल्या शेन्झेनचंच, फरक मागच्या माणसांचा.

सरकारी नियम आहे, पण तो वेगळ्या कामासाठी. एआयएस-140 या वाहनांच्या मानकाप्रमाणे 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या बस-टॅक्सीला लोकेशनचं यंत्र आणि धोक्याचं बटण लागतं. हेतू प्रवाशांच्या, मुख्यतः महिलांच्या सुरक्षिततेचा. ट्रॅक्टर आणि दुचाकी त्यात येत नाहीत, आणि आमच्याकडं चोरी होते ती नेमकी यांचीच.

दुचाकीचं गणित तर आणखी अवघड. शंभर सीसीच्या गाडीची बॅटरी तीन अँपिअर-अवरची. मशीननं झोपेत दहा मिलिअँपिअर जरी खाल्ले तरी तीनशे तासांत, म्हणजे बारा-तेरा दिवसांत ती खडखडीत. पुण्याला कामाला गेलेला पोरगा महिन्यानं घरी येतो, किक मारतो आणि मला शिव्या घालतो. काहीजण ॲपलचा एअरटॅग सीटखाली टाकतात. त्याला जवळून जाणारा कुणाचा तरी आयफोन लागतो. मंठ्याच्या आडरानातल्या पांदीत आयफोन कुठून आणायचा? शिवाय अनोळखी एअरटॅग बराच वेळ सोबत फिरत असेल तर तो समोरच्याच्या फोनवर इशारा देतो. म्हणजे चोरालाच खबर.

विम्याचं लोक विचारतात म्हणून सांगतो. एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या पुण्याच्या संस्थेनं मान्यता दिलेलं चोरीविरोधी यंत्र असेल तर जुन्या टॅरिफप्रमाणे सूट अडीच टक्के, आणि तीही जास्तीत जास्त 500 रुपये. एवढ्यासाठी कोण मशीन बसवतं?

आणि गाडी सापडली म्हणजे दारात आली असं नाही. ती मुद्देमाल होते. नानांचा ट्रॅक्टर ठाण्याच्या आवारात उभा राहिला, कोर्टातून सुपूर्तनामा होईपर्यंत निम्मा हंगाम गेला. सुप्रीम कोर्टानं 2002 मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगून ठेवलंय की जप्त वाहनं ठाण्यात सडवू नका, फोटो आणि पंचनामा करून, जामीन-बंधपत्र घेऊन मालकाला देऊन टाका. वकिलाला याची आठवण करून दिली की अर्ज जरा लवकर पुढं सरकतो, असा नानांचा अनुभव.

या हंगामात मी गिऱ्हाइकाकडून दोन कामं आधी करून घेतो. ॲपसोबत पॉवर कट झाला की फोनची रिंग वाजेल अशी कॉलची सोय घ्यायची, आणि आर. सी., विमा, चेसिस नंबरचा फोटो हे सगळं घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवायचं. पैसे याचे लागत नाहीत, तरी निम्मे जण "बघू नंतर" म्हणतात.

नाना परवा पुन्हा आले होते. नवी ट्रॉली घेतलीय. ट्रॉलीला ना बॅटरी ना इग्निशन, म्हणून स्वतःची बॅटरी असलेलं, दिवसातून मोजक्या वेळा लोकेशन देणारं मशीन तिच्या चेसिसच्या कडेला, वर पत्रा येणार नाही असं बसवायचं ठरलंय. चिखल आणि पाचट लागू नये म्हणून त्याला पत्र्याऐवजी प्लास्टिकची पेटी करतोय. भाव मात्र अजून ठरला नाही. नाना म्हणतात, "मागच्या वक्ताचं गिऱ्हाईक हाये, कायतरी सोड की."