कोबीसाठी यीस्टचे घरगुती खत

कोबीच्या रोपांनी वाफ्यात मूळ धरले आणि मधली पाने आत वळू लागली की मी त्यांना यीस्टचे पाणी देतो. 10 लिटर कोमट पाण्यात 10 ग्रॅम कोरडे यीस्ट आणि दोन मोठे चमचे साखर विरघळवून भांडे झाकून ठेवले की काही तासांत वर बारीक फेस धरतो, आंबूस वास सुटतो आणि द्रावण तयार झाल्याचे कळते. ते पाचपट साध्या पाण्यात मिसळून, आधी भिजवलेल्या मातीत, बुंध्यापासून थोडे दूर घालावे. गड्ड्यावर मुळीच ओतू नये. माती गार असेल तर यीस्ट मंदावते आणि सारा खटाटोप वाया जातो.

कोबीला नत्र भरपूर लागते आणि यीस्टच्या एवढ्याशा मात्रेतून ते पुरेसे मिळत नाही. म्हणून चांगले कुजलेले शेणखत हाच खरा आधार मानावा, असे माझे ठाम मत आहे. काही दिवसांनी मातीवर चाळलेली लाकडाची राख भुरभुरावी: तिच्यातून पालाश (पोटॅशियम) आणि कॅल्शियम मिळतात, शिवाय मातीची आम्लता घटल्याने मुळांवरील गाठींच्या रोगालाही काहीसा आळा बसतो. ताज्या शेणात मात्र राख मिसळू नये, कारण त्यातील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते.