स्टुटगार्टला मुलाकडे जाऊन आलो, जाणाऱ्या आईबाबांसाठी थोडंसं

मुलगा-सून जर्मनीत स्टुटगार्टला असतात, नात तिथेच किंडरगार्टनला जाते, म्हणून ह्या उन्हाळ्यात मी आणि हे जाऊन आलो. मर्सिडीजचं म्युझियम, टीव्ही टॉवर सगळं बघितलं पण त्याची माहिती कुठेही मिळते, ती मी लिहीत नाही. मुलं नोकरीवर गेली की दिवसभर आपण आणि ती बिल्डिंग एवढंच उरतं, आणि त्याबद्दल इंदूरहून निघताना आम्हाला कोणीच काही सांगितलं नव्हतं, म्हणून हे.

व्हिसाचं पटकन सांगते. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर, 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, मेडिकल इन्शुरन्स कमीत कमी 30,000 युरोचा लागतो, फी 2024 पासून मोठ्यांना 90 युरो. मुलगा खर्च उचलणार असेल तर त्याने तिथल्या परदेशी लोकांच्या सरकारी ऑफिसातून जबाबदारीचं पत्र काढून ओरिजिनल कुरियरने पाठवावं, त्याला अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो हे धरून चला. आणि बॅग भरताना तूप, पेढे, श्रीखंड, माव्याचं काहीही नको, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, कढीपत्ताही नाही. नातीसाठी साजूक तूप न्यायचं माझ्या फार मनात होतं पण सुनेने फोनवरच नाही सांगितलं. सेव, जीरावन (पोह्यांवर घालायचा आपला मसाला), पोहे, कोरडे मसाले खुशाल न्या.

आता घर. तिथे दारावर फ्लॅट नंबर नसतो, खाली बेलवर आणि टपालपेटीवर नुसतं आडनाव असतं, त्यामुळे एकटे फिरायला निघालात तर पत्त्याबरोबर बेलवर कोणतं आडनाव आहे तेही लक्षात ठेवा, सुनेने माहेरचं लावलं असेल तर दोन असतात. दुसरं, दार मागे नुसतं ओढलं गेलं तरी बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, आणि किल्लीवाल्याला बोलावणं फार महाग पडतं. हे खिशात किल्ली आहे का ते दर वेळी तीनदा चाचपायचे, मला हसू यायचं पण बरोबरच होतं त्यांचं.

आता खरी गंमत. एका संध्याकाळी आमच्या दाराच्या हँडलला कोणीतरी एक पाटी अडकवून गेलं. मुलगा म्हणाला, आई, ह्या आठवड्यात आपली केअरवोखं आहे, म्हणजे जिना झाडायची पुसायची पाळी. स्टुटगार्टच्या त्या भागात ही फार जुनी पद्धत आहे, मूळ 1492 च्या शहराच्या कायद्यात सापडतं म्हणतात. बिल्डिंगमधली घरं पाळीने जिना साफ करतात, आणि मोठी पाळी आली की पुढचा फुटपाथ, तळघर, थंडीत बर्फसुद्धा. काही ठिकाणी आता माणूस लावतात पण आमच्या बिल्डिंगमध्ये अजून जोरात चालू होतं. मुलगा रात्री उशिरा कसंबसं उरकायचा म्हणे. हे म्हणाले, मी आहे ना रिकामा, आणि सकाळी झाडू बादली घेऊन सुरू.

खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, ऐंशीच्या पुढच्या असतील. त्या दार उघडून बघत उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत, मग स्वतः येऊन पायपुसणं उचलून खालची जागा दाखवली. ह्यांनी तिथेही पुसलं. आजींनी मान हलवली आणि आत गेल्या. मला वाटलं रागावल्या, तर दुपारी जॅमची बाटली घेऊन हजर, घरी केलेला, मनुक्यासारखं काहीतरी काळं आंबट फळ होतं. त्यांना इंग्रजी बेताचं, आम्हाला जर्मन शून्य, पण त्या दिवसापासून जिन्यात भेटल्या की थांबायच्या.

मी बदल्यात पोहे दिले वरून भरपूर सेव घालून, आणि थोडी सेव वेगळी पिशवीत. दोन दिवसांनी कळलं की पोहे संपवले आणि सेव त्यांनी सूपमध्ये घातली! आधी मला कसंतरीच झालं, लसूण सेव आणि सूप, पण तिकडे सूपवर घालायला बुंदीसारखे तळलेले मैद्याचे बारके गोळे पाकिटात मिळतात, मग त्यांचं काय चुकलं. आपण नाही का मिसळीवर घालत.

पण कोणाकडे जायचं तर आधी विचारून. इंदूरसारखं, राजवाड्यावरून येत होतो म्हटलं डोकावून जावं, हे तिथे नाही. वेळ ठरवली की त्याच वेळेला, लवकरही नाही. आजींनी आम्हाला चार वाजता कॉफी आणि केकला बोलावलं होतं, आम्ही दहा मिनिटं आधी तयार होऊन घरातच बसून राहिलो. आणखी एक, वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी चुकूनही देऊ नका, अपशकून मानतात.

कचऱ्याचं आपल्याला काय सांगायचं, 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर आपल्या इंदूरचा (2023 ला सुरतेबरोबर वाटून), घरात सहा प्रकार वेगळे करायची सवय. तिथे ओला, कागद, पॅकिंगचं प्लास्टिक-पत्रा, उरलेला असे डबे, प्रत्येकाचा उचलायचा दिवस वेगळा, कॅलेंडर फ्रिजवर लावलेलं. ओला प्लास्टिकच्या पिशवीसकट टाकायचा नाही. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत, पांढरी, तपकिरी, हिरवी वेगळी, आणि रविवारी किंवा रात्री नाही कारण आवाज होतो. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटल्या मात्र तिथे टाकू नका, त्यावर 25 सेंट डिपॉझिट असतं, दुकानातल्या मशीनमध्ये घातल्या की चिठ्ठी येते, ती काउंटरवर द्यायची. हे काम ह्यांनी नातीला घेऊन स्वतःकडेच ठेवलं, तिला मशीनने बाटली गिळली की टाळ्या वाजवायच्या असत.

रविवारी दुकानं बंद, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आणा, बेकरी सकाळी थोडा वेळ उघडी असते, मोठ्या स्टेशनवरची दुकानंही. आणि आवाज! रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी तर दिवसभर. ड्रिल, व्हॅक्युम काही नाही, म्हणून इडलीचं वाटण मी शनिवारी दुपारीच करून ठेवायचे. फोडणी द्यायच्या आधी खिडकी उघडा आणि स्वयंपाकघराचं दार लावा, पॅसेजमधला धुराचा अलार्म मिरचीला फार लवकर ओळखतो.

नातीबरोबर बागेत जाणार असाल तर दुसऱ्यांच्या पोरांचे गाल ओढणं, चॉकलेट देणं, फोटो काढणं नको. रस्ता रिकामा असला तरी लाल सिग्नलवर थांबा, लहान मुलं बघत असतील तर मोठी माणसं चक्क बोलतात.

शाकाहारी असाल तर तिथला प्रसिद्ध माउलटाशे विचारून घ्या, चौकोनी उकडलेला पदार्थ, आत पालक दिसतो पण बहुतेक वेळा मांसही असतं. उपवासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून साधूंनी मांस आत लपवलं अशी तिकडची दंतकथा आहे, म्हणजे पळवाटा सगळीकडे सारख्याच. शाकाहारी प्रकारही मिळतो. नाहीतर केझेश्पेट्झले मागा, श्पेट्झले म्हणजे जाडसर मऊ शेवयांसारखे, त्यात चीज घातलेलं, वर तळलेला कांदा असतो, आम्हा दोघांना आवडले. मसूराबरोबर श्पेट्झले मिळतात त्यात मात्र सॉसेज येतं, नको म्हणून सांगायचं.

फिरायला डॉइचलांड टिकीट घ्या, देशभर लोकल गाड्या, ट्राम, बस सगळं चालतं, लांबच्या फास्ट गाड्या नाहीत. 2023 ला 49 युरोला सुरू झालं होतं, 2025 ला 58 आणि 2026 पासून महिन्याला 63. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, बंद करायचं तर त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवावं लागतं, म्हणून परतीची तारीख ठरली की लगेच मुलाला सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही इकडे इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे खाताय आणि तिकडे पैसे कापले जातायत.